डर्ट बाइकचा टायर: योग्य निवड, आणि ट्यूब न फाडता बसवण्याची पद्धत

नवा टायर, नवी ट्यूब, तासभर घाम गाळून बसवलेलं चाक, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते जमिनीला टेकलेलं. हे झालं की बहुतेक जण ट्यूबच्या नावाने बोटं मोडतात. खरं तर जवळपास प्रत्येक वेळी ट्यूब लिव्हरनेच (टायर चढवायच्या-उतरवायच्या लोखंडी पट्टीने) कापलेली असते, आणि लिव्हर ट्यूबपर्यंत पोचते ती जोर लावावा लागल्यामुळे. जोर का लावावा लागतो हे एकदा नीट कळलं की बाकीचे टप्पे आपोआप जागेवर येतात. म्हणून आधी तेवढं पाहू.

टायरच्या दोन्ही कडांना जाड किनार असते, तिला बीड म्हणतात. बीडमध्ये पोलादी तार असते आणि ती ताणली जात नाही. रिमची बाहेरची कड बीडच्या व्यासापेक्षा मोठी असते. मग बीड कडेवरून चढणार कशी? रिमच्या मध्यभागी गोल फिरलेली एक खोलगट खोबण असते. बीडचा एक भाग त्या खोबणीत उतरला की समोरच्या बाजूला तेवढीच ढील मिळते, आणि तिथून बीड सहज कड ओलांडते. लिव्हर जड जाऊ लागली याचा अर्थ एकच: समोरची बीड खोबणीतून निसटून वर आली आहे. अशा वेळी जोर वाढवू नका. थांबा, समोरची बाजू पुन्हा खाली दाबा.

## टप्पा १: टायरची निवड

जमीन आधी, ब्रँड नंतर. वाळू, चिखल आणि भुसभुशीत मातीसाठी उंच, एकमेकांपासून लांब असलेले नॉब, म्हणजे टायरवरचे रबरी ठोकळे, लागतात. मोकळ्या जागेमुळे चिखल फिरता फिरता झडतो आणि नॉब खोल रुततात. हाच टायर कडक जमिनीवर नेला तर उंच नॉब वाकतात, वळणावर बाइक डगमगल्यासारखी वाटते आणि नॉबच्या मुळाशी चिरा पडतात. कडक, वाळलेली माती आणि खडकाळ भागासाठी नॉब आखूड आणि जवळजवळ असतात, आणि रबर सहसा मऊ असतं, कारण तिथे पकड रुतण्यातून येत नाही, रबर जमिनीला चिकटण्यातून येते. दोन्हींच्या मधला, इंटरमीजिएट प्रकार बहुतेक चालकांना वर्षभर पुरतो. नेमकी कोणती जमीन जास्त मिळते हे ठरत नसेल तर तोच घ्या.

पुढचा आणि मागचा टायर एकाच जातीचा असावा असं काही नाही, पण पुढच्यावर काटकसर करू नका. मागचा घसरला तर थ्रॉटल सोडून सावरता येतं, पुढचा घसरला तर बहुतेकदा सावरायला वेळच मिळत नाही.

माप वाचायला शिका. ११०/९०-१९ यात ११० म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ९० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ९० टक्के, आणि १९ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. पुढे सहसा ८०/१००-२१ किंवा ९०/९०-२१ असतो. मागे मोटोक्रॉस (बंदिस्त मातीच्या ट्रॅकवरच्या) बाइकला १९ इंची आणि एन्ड्युरो (लांब रानवाटांवरच्या) बाइकला १८ इंची रिम असते. १८ आणि १९ इंची टायर एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत, आणि ट्यूबचंही तेच.

थोडं गणित करून पाहा. ११०/१००-१८ चा बाहेरचा व्यास साधारण ६७७ मिमी येतो, ११०/९०-१९ चा ६८१. म्हणजे दोन्ही चाकं जवळजवळ सारख्याच उंचीची, फरक आहे तो रबराच्या भिंतीत. १८ इंचीत ती १ सेंटिमीटरहून जास्त उंच आहे, आणि तेवढं जास्त रबर दगडाचा मार झेलतं. खडकाळ वाटांवर १८ इंची मागचं चाक का पसंत करतात, ते यावरून कळतं.

‘थोडा रुंद घेतला तर पकड वाढेल’ हा सर्वांत महाग गैरसमज आहे. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या भिंती आत ओढल्या जातात आणि माथा फुगीर गोल होतो. मग जमिनीला टेकतात फक्त मधले नॉब. वळणावर बाजूचे नॉब जिथे असायला हवेत तिथे नसतात. शिवाय रुंद टायर चेनला किंवा स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांना) घासू शकतो. रिमची रुंदी तिच्यावरच इंचांत कोरलेली असते: १.६०, १.८५, २.१५ असे आकडे दिसतील. २५० सीसी फोर-स्ट्रोक मोटोक्रॉस बाइकला मागे सहसा १.८५ ची रिम आणि १००/९०-१९ टायर, ४५० ला २.१५ ची रिम आणि ११०/९०-१९ किंवा १२०/८०-१९ टायर असतो. बाइकच्या मॅन्युअलमधलं माप हाच आधार धरा.

तपासा, विकत घेण्यापूर्वी:
- साइडवॉलवरचा (टायरच्या बाजूच्या भिंतीवरचा) चार अंकी तारखेचा शिक्का. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा. जुनं पडून राहिलेलं रबर कडक होतं. नखाने दाबून पाहा, नॉबच्या मुळाशी वाकवून बारीक भेगा शोधा.
- फिरण्याच्या दिशेचा बाण. काही टायरवर दोन बाण असतात, एक मऊ जमिनीसाठी आणि एक कडक जमिनीसाठी.
- ५१एम सारखी खूण. ५१ म्हणजे १९५ किलोपर्यंतचा भार, एम म्हणजे ताशी १३० किलोमीटरपर्यंतचा वेग.
- ‘नॉट फॉर हायवे सर्व्हिस’ असं छापलेलं असेल तर तो टायर सार्वजनिक रस्त्यासाठी नाही. रस्त्यावरून जाऊन वाटेला लागणाऱ्यांनी हे डोळ्यांत तेल घालून पाहावं.

## टप्पा २: ट्यूब, मूस आणि रिम लॉक

साध्या ट्यूबची जाडी मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या आसपास असते. हेवी ड्यूटी ट्यूब ३ मिमी, आणि त्याहून जाड ४ मिमी. दगड असतील तर ३ मिमीच्या खाली जाऊ नका. ४ मिमीची ट्यूब वजनदार असते आणि टायरमध्ये घालताना कष्ट देते, पण चिमटायला तितकीच कठीण.

जुनी ट्यूब नव्या टायरमध्ये घालू नका. वापरून ती मूळ मापापेक्षा मोठी होते, आत घडी पडते आणि त्या घडीवरच ती विरते.

मूस म्हणजे टायरच्या आकाराची फोमची कडी. हवा नाही, म्हणून पंक्चर नाही. पण टायरच्या नेमक्या मापाचीच मूस लागते, तिला तिचंच जेल भरपूर लावावं लागतं, आणि सलग वेगात रस्त्यावर चालवलं तर ती तापून खराब होते. शिवाय ती आत असताना समोरची बीड खोबणीत दाबून ठेवणं खूप अवघड जातं. पहिल्यांदा टायर बदलणाऱ्याने मूसच्या वाटेला जाऊ नये. ट्यूबवर हात बसू द्या, मग मूस.

रिम लॉक हा छोटा तुकडा बीडला आतून रिमवर दाबून धरतो. कमी हवेत टायर रिमवर फिरू लागतो, ट्यूबला सोबत ओढतो आणि वॉल्व्ह मुळातून उपटतो. ते रिम लॉक थांबवतं. पुढे एक, मागे एक पुरतं. अगदी कमी हवेत चालवणारे मागे दोन लावतात. रिम लॉकवरही १.६०, १.८५, २.१५ असे आकडे असतात. ते रिमच्या रुंदीशी जुळलेच पाहिजेत.

## टप्पा ३: साहित्य आणि तयारी

- चमच्यासारख्या गोल टोकाच्या तीन लिव्हर, २५ ते ३० सेंटिमीटर लांब. टोकावर बोट फिरवून पाहा, बारीकशी बोच लागली तरी कानशीने घासून काढा. हातभर लांबीच्या लिव्हरचा मोह टाळा. तिने बीड चुकीच्या जागी असतानाही चढते, आणि मोल ट्यूबला द्यावं लागतं.
- साबणाचं दाट पाणी आणि ब्रश. तेल, ग्रीस किंवा डिझेल अजिबात नको. रबर खराब होतं आणि टायर रिमवर घसरत राहतो.
- टाल्कम पावडर, वॉल्व्ह कोअर (वॉल्व्हच्या आतला हवा अडवणारा तुकडा) काढायचं हत्यार, आणि ० ते ३० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) मोजणारं गेज. मोठ्या पल्ल्याच्या गेजवर १२ आणि १५ मधला फरक वाचता येत नाही.
- चाक ठेवायला जुना कारचा टायर किंवा ड्रम, म्हणजे डिस्क जमिनीला टेकणार नाही.

नवा टायर आधी अर्धा तास उन्हात ठेवा. गार, कडक टायरशी झटापट करण्यात शक्ती वाया जाते.

बाइक स्टँडवर घ्या. मागचं चाक काढताना एक्सलचा नट सैल करा, चाक पुढे ढकला आणि चेन स्प्रॉकेटवरून (दातेरी चकतीवरून) उतरवा. चेनचा ताण ठरवणाऱ्या अॅडजस्टरला हात लावू नका, म्हणजे परत बसवताना जुनी खूण सापडते. चाक निघालं की ब्रेक पॅडच्या मधे पुठ्ठ्याचा तुकडा घाला.

सावधान: चाक बाहेर असताना ब्रेकचा लिव्हर किंवा पेडल दाबू नका. पॅड एकमेकांना चिकटतात आणि डिस्क परत आत जात नाही.

## टप्पा ४: जुना टायर उतरवणे

१. वॉल्व्ह कोअर काढून सगळी हवा जाऊ द्या. वॉल्व्हचा नट काढा. रिम लॉकचा नट आट्यांच्या टोकापर्यंत आणा, पण पूर्ण काढू नका, आणि त्यावर अंगठा दाबून लॉक आत ढकला. तो आत गेला नाही तर बीड त्याखाली अडकली आहे.

२. दोन्ही बाजूंची बीड रिमपासून सोडवा. गुडघ्यांनी दाबत चाक फिरवा. एका बाजूची सुटली म्हणून दुसरी विसरू नका. हे विसरण्याचं प्रमाण थक्क करणारं आहे, आणि मग खोबणीत उतरायला बीड मोकळीच नसते.

३. बीडला साबण लावा. रिम लॉकच्या जवळ पहिल्या दोन लिव्हर घाला, एकमेकींपासून १० सेंटिमीटरवर. समोरची बाजू गुडघ्याने खोबणीत दाबून धरा. तिसऱ्या लिव्हरने ४-५ सेंटिमीटरचे छोटे घास घेत पुढे सरका.

४. एक बीड बाहेर आली की ट्यूब ओढून काढा. मग चाक उभं करून दुसरी बीड त्याच बाजूने उतरवा.

तपासा: काढलेल्या ट्यूबला भोक असेल तर ते नीट पाहा, ते बोलतं. दोन आखूड चिरा समोरासमोर, सापाच्या दाताच्या खुणांसारख्या, म्हणजे हवा कमी होती आणि दगडावर रिमने ट्यूब चिमटली. कडेला अर्धचंद्राच्या आकाराची एक चीर म्हणजे लिव्हर. आतल्या अंगाला, रिमच्या बाजूला टाचणीएवढं भोक म्हणजे एखादा आरा रिम टेपमधून (आऱ्यांची टोकं झाकणाऱ्या पट्टीतून) वर आला आहे. शेवटच्या प्रकारात आरा घासून काढला नाही तर नवी ट्यूबही त्याच जागी जाईल.

## टप्पा ५: रिमची तपासणी

रिम टेप काढा, आऱ्यांची टोकं बोटाने चाचपा, वर आलेलं टोक घासून सपाट करा. बीड जिथे बसते ती जागा घासून माती आणि गंज काढा. सैल आरे आवळा. टेप फाटली असेल तर नवी लावा. रिमच्या कडेला खोल ठेच असेल तर ती कानशीने गुळगुळीत करा, नाहीतर नवी बीड तिथे कापली जाते.

## टप्पा ६: पहिली बीड चढवणे

बाण आणि चाक फिरण्याची दिशा जुळवा. मागच्या चाकात स्प्रॉकेटची बाजू आणि पुढच्यात डिस्कची बाजू पाहून दोनदा खात्री करा. टायर पूर्ण बसल्यावर तो उलटा आहे हे कळण्यासारखा वैताग नाही.

रिम लॉक आधीच भोकात असू द्या, नट टोकापाशी. साबण लावून पहिली बीड तिरकी धरून खोबणीत उतरवा. ही बहुतेकदा हातानेच चढते, शेवटच्या वीतभर अंतराला एखादी लिव्हर लागते. मात्र रिम लॉक आत दाबून बीड त्याच्या खाली गेली आहे हे पाहा.

## टप्पा ७: ट्यूब आत घालणे

ट्यूबला पावडर लावा. तिला फक्त गोल आकार येईल इतकीच हवा भरा. चपटी ट्यूब लिव्हरखाली येते, फुगलेली ट्यूब बीडला अडवते. हातात घेतल्यावर तिने आकार धरावा, पण दाबली तर सहज चेपावी.

वॉल्व्ह भोकातून ओढून नट दोन आटे फिरवा, म्हणजे तो आत निसटणार नाही. मग उरलेली ट्यूब टायरमध्ये ढकला. रिम लॉकच्या जागी ट्यूब त्याच्या वरून जायला हवी, खाली अडकायला नको. बोट आत घालून सगळीकडून फिरवा. घडी किंवा पीळ लागला तर आत्ताच बाहेर काढून पुन्हा घाला.

## टप्पा ८: दुसरी बीड, जिथे सगळे चुकतात

सुरुवात रिम लॉकपासून करा. लॉक आत दाबा, बीड त्याच्या दोन्ही कडांखाली सरकवा, आणि दोन्ही बाजूंना एकेक लिव्हर घालून ती पक्की करा. शेवट लॉकपाशी ठेवला तर तिथे बीड आधीच ताणलेली असते, ती लॉकच्या खाली जात नाही, आणि लॉक, ट्यूब व लिव्हर यांची एकाच जागी गर्दी होते.

आता दोन्हींकडे आळीपाळीने, छोटे घास घेत पुढे जा. प्रत्येक घासाआधी तीन गोष्टी:

१. चढवलेली बीड गुडघ्याने खोबणीत दाबली आहे ना?
२. लिव्हरचं टोक फक्त बीड अडकेल इतकंच आत आहे ना? सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर पुरे. जास्त आत गेलं की ते ट्यूबला धरतं.
३. लिव्हर उभी होईपर्यंत नेली आहे, आणि त्यापुढे नाही ना? ९० अंशांच्या पलीकडे नेली की आतलं टोक खाली वळून ट्यूबमध्ये रुततं.

शेवटचा १५-२० सेंटिमीटरचा भाग रिम लॉकच्या समोर येतो. वॉल्व्ह नेमका तिथेच येत असेल तर वीतभर अलीकडे-पलीकडे संपवा. पुन्हा साबण लावा. लॉकजवळची बीड आणि दोन्ही बगला परत खाली दाबा. इथे शेवटची लिव्हर एका हाताने चढली पाहिजे. दोन्ही हातांनी लोंबकळावं लागत असेल तर लिव्हर काढा, एक पाऊल मागे या आणि बीड खोबणीत बसवा.

तपासा: शेवटची लिव्हर काढताना ती ओढल्यासारखी, रबरात अडकल्यासारखी वाटली तर ट्यूब चिमटली असण्याची शक्यता आहे. हवा भरण्याआधी बीड बाजूला करून चाकाभोवती आत डोकावून पाहा.

## टप्पा ९: हवा भरून बीड बसवणे

रिम लॉक बाहेरून दाबा. त्याने स्प्रिंगसारखं मागे यावं. वॉल्व्ह थोडा आत ढकलून सोडा, म्हणजे त्याच्या बुडाखाली बीड अडकली असेल तर सुटेल. रिम लॉक सैलच ठेवून हवा भरा. आधी आवळला तर त्या जागी बीड वर चढत नाही आणि टायर वाकडा बसतो.

३० पीएसआयच्या आसपास ‘टक्’ असा आवाज होत बीड जागेवर येतात. ४० च्या वर जाऊ नका (इथे पंपाचं गेज पाहा, छोटं गेज ३० पर्यंतच मोजतं). टायरवर त्याहून कमी मर्यादा छापली असेल तर तीच पाळा. हवा भरताना चेहरा आणि बोटं चाकापासून लांब ठेवा.

रिमलगत टायरवर एक बारीक रेघ गोल फिरलेली असते. रिमच्या कडेपासून तिचं अंतर दोन्ही बाजूंना, सगळीकडे सारखं हवं. एका जागी ती आत गेली असेल तर हवा सोडा, तिथे साबण लावा, टायर जमिनीवर आपटा आणि पुन्हा भरा.

बसला की कोअर काढून सगळी हवा एकदा सोडा आणि परत भरा. यामुळे आत ओढली गेलेली ट्यूब आपल्या जागी सैल होते. ही अर्ध्या मिनिटाची गोष्ट जवळजवळ सगळेच टाळतात.

आता रिम लॉक आवळा, साधारण १२ न्यूटन-मीटर. वॉल्व्हचा नट मात्र रिमवर आवळू नका, वर नेऊन टोपीला भिडवून ठेवा. मग टायर सरकला तर वॉल्व्ह तिरका होऊन इशारा देतो. रिमवर आवळलेला वॉल्व्ह तिरका होत नाही, तुटतो.

थंड टायरमधली हवा, ट्यूब असताना: वाळू आणि चिखलात १० ते १२ पीएसआय, साध्या मातीच्या ट्रॅकवर १२ ते १४, दगडधोंड्यांत १४ ते १६. चालकाचं वजन जास्त असेल तर पट्ट्याच्या वरच्या टोकाला राहा.

## टप्पा १०: चाक बाइकवर

मागे: चेन चढवा, एक्सल घाला. नट आवळताना चेन आणि स्प्रॉकेटच्या मधे फडक्याची घडी घालून चाक मागे फिरवा. चेन ताणली जाऊन एक्सल दोन्ही अॅडजस्टरना घट्ट टेकतो आणि चाक सरळ राहतं. मग चेनची ढील मॅन्युअलप्रमाणे मोजा.

पुढे: एक्सल आवळा, पण फोर्कच्या तळाचे, एक्सल आवळून धरणारे पिंच बोल्ट सैल ठेवून पुढचा ब्रेक धरा आणि फोर्क चार-पाच वेळा दाबा. नंतर पिंच बोल्ट आवळा. आधीच आवळले तर फोर्कचे पाय तिरके अडकतात आणि सस्पेन्शन जड चालतं.

सावधान: बसण्याआधी पुढचा-मागचा ब्रेक कडक लागेपर्यंत पंप करा. चाक काढल्यावर पॅड मागे सरकलेले असू शकतात आणि पहिल्या दाबाला ब्रेक लागत नाही.

## टप्पा ११: पहिल्या फेरीनंतर

दहा-पंधरा मिनिटं सावकाश चालवा आणि थांबा. रिम लॉकचा नट पुन्हा पाहा, बीड बसल्यावर तो थोडा सैल झालेला असतो. आरे चाचपा. वॉल्व्ह सरळ आहे का पाहा. तिरका झाला असेल तर तिथूनच परत फिरा: हवा सोडा, लॉक सैल करा, टायर फिरवून वॉल्व्ह सरळ करा आणि टप्पा ९ पुन्हा करा. त्यानंतर रात्रभर चाक तसंच ठेवून सकाळी गेज लावा. १-२ पीएसआयहून जास्त उतरली असेल तर आधी वॉल्व्हच्या तोंडावर साबणाचं पाणी सोडा. बुडबुडे आले तर कोअर बदलायचा आहे, टायर उतरवायचा नाही.